वैद्यकीय कारणास्तव

त्या दिवशी मला घरून दोन फोन आले. शाळेची पगारबिलं घेऊन मी नगरला निघाले होते. पहिला फोन आला तेव्हा काष्टी सोडून अर्धा तासही झाला नव्हता. दुसरा आला तेव्हा मी कार्यालयाच्या व्हरांड्यात, बिलांवर शिक्का मारून घेण्याच्या रांगेत होते. दुसऱ्या फोनवर माझे यजमान होते. "शालनवहिनी गेल्या. दौंडला आणलंय. तू ये," एवढंच म्हणाले. माझ्यापुढे दोनच माणसं होती. मी शिक्का मारून घेतला, पोच घेतली, पोच पर्समध्ये नीट ठेवली आणि मग एसटी स्टँडकडे निघाले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असंच झालं. पहिल्या फोनविषयी लिहायला मात्र मला सात आठवडे लागले. त्याच्यावर येतेच... आधी शालनताई कोण होत्या ते सांगायला हवं, नाहीतर तो फोन कुणाला कळणार नाही.

शालनताई माझी थोरली जाऊ. माहेर पाथर्डी तालुक्यातलं, कोरडवाहू. लग्न होऊन काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर आल्या आणि गोठा त्यांनी असा ताब्यात घेतला की तीस वर्षं तो दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. आठ गायी, दोन वेळची धार, डेअरीला दूध. मी हायस्कुलात लिपिक. अंगण एक, चुली दोन आणि दोन्हीकडे हुकूम सासूबाईंचा. आम्हा दोघींचं जमायचं, कारण दोघींनाही रिकाम्या गप्पांना वेळ नसायचा. त्या मला 'मंगल' म्हणायच्या, मी त्यांना 'ताई'. थोरल्या दिरांना सगळं घर 'दादा' म्हणतं. दादा कमी बोलतात आणि जे बोलायचं ते ज्याला बोलायचं त्याला सोडून इतरांना बोलतात.

तीन वर्षांपूर्वी आमची एक गाय अडली. जनावरांच्या डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी आली. अंगात कॉलरचा साधा कुडता, खाली पँट, पायात गमबूट. तासभर शेणामुतात उकिडवी बसून, खांद्यापर्यंत हात घालून तिनं वासरू फिरवलं, बाहेर काढलं, हात धुतले आणि गेली. वासरू जगलं. सगळे वासराकडे बघत होते. शालनताई त्या मुलीच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होत्या.

"मंगल, ती उठली कशी बघितलंस का?"

"कशी?"

"सरळ उठली. कायबी न आवरता. मी दिसातनं शंभरदा उठते... आधी निऱ्या, मग पदर, मग गुडघा. तिनं आधी गुडघाच उचलला."

चार दिवसांनी भाकरी थापताना मध्येच म्हणाल्या, "मला तसं पाहिजे." मी म्हटलं, "काय, वासरू?" तर पिठाचा हात माझ्या डोक्यावर मारून म्हणाल्या, "कापडं गं, येडे!" तेव्हा त्यांचं वय एक्कावन्न होतं.

लोकांना वाटतं, अशी बाई एका सकाळी उठते, साडी सोडते आणि ड्रेस घालते. शालनताईंनी तसं केलं नाही. त्यांनी आधी कपाट उघडलं. एका रविवारी दुपारी सासूबाई निजल्यावर आम्ही दोघींनी ते लोखंडी कपाट रिकामं केलं. अर्ध्याहून जास्त साड्या आहेराच्या. ज्यांच्या घरी लग्नकार्यं होतात त्यांना हे सांगायला नको. आहेराची साडी नेसायची नसते, ती पुढच्या घरी द्यायची असते. ताई प्रत्येक पिशवीवर बॉलपेननं देणाऱ्याचं नाव लिहून ठेवायच्या, म्हणजे ती चुकून त्याच घरी जायला नको. एक तपकिरी साडी आमच्याकडूनच गेलेली, चार घरं फिरून परत आमच्याकडे आली होती. फॉल न लावलेली, मूळ पिशवीत, पिशवीवर ताईंचंच अक्षर. ती हातात धरून त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय झालं गं भवान्यांनो?"

मग त्यांनी ढीग केले. आहेराच्या साड्या एकीकडे, त्या हळूहळू वाटेला लावायच्या. मऊ पडलेल्या सुती साड्यांची वाकळ शिवायची. पाच साड्या ठेवायच्या: लग्नातली, आईची एक, लेक प्रियांकाच्या बारशाची आणि दोन नुसत्या आवडायच्या म्हणून. साड्यांशी त्यांचं भांडण नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. "साडी वाईट न्हाई," त्या म्हणायच्या, "पन ती माझ्यासाठी दुसऱ्यांनी निवडल्याली हाय." नवा कपडा एक आला की पाच साड्या बाहेर, असा त्यांचा नियम होता, आणि कपाटात रिकामी जागा दिसली पाहिजे हा दुसरा.

श्रीगोंद्याच्या शिंप्याकडे मी बरोबर गेले होते. त्यानं वही काढली आणि विचारलं, "पोरीचं माप आणलंय का?" ताई म्हणाल्या, "मीच ती पोर. घ्या माप." त्यानं ओढणीचं विचारलं, नको. गळ्याला लेस, नको. शर्टासारखी कॉलर, कोपरापर्यंत बाही, लांबी गुडघ्याच्या खाली चार बोटं, खाली सरळ पँट. रंग राखाडी, मातकट, गर्द निळा. पुण्यात नोकरी करणारी त्यांची लेक प्रियांका फोनवर म्हणाली, "आई, ड्रेसच घालायचा तर जरा फुलाफुलांचा घे ना. राखाडी काय, ऑफिसच्या शिपायासारखं." ताई म्हणाल्या, "फुलं तुझ्या अंगावर. माझं मला ठरवू दे की." त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की ही हौस नुसती सोयीची नव्हती. त्यांना नेमकं काय हवंय ते त्यांना माहीत होतं, आणि आमच्या घरात तसं माहीत असलेलं दुसरं माणूस मला तरी आठवत नाही.

पहिला कुडता त्यांनी गोठ्यात घातला. तर गायीच बिथरल्या. साडीचा वास, पदराची सळसळ, त्या सवयीवर दूध देणारी जनावरं ती. तांबडीनं पान्हा चोरला, दुसरीनं लाथ मारून बादली पाडली. मग ताईंनी जुन्या पातळाचा एक तुकडा फाडून खांद्यावर टाकला आणि धारेला बसल्या. गायी शांत. रोज तो तुकडा वीतभर कमी करत गेल्या. नवव्या दिवशी खांद्यावर काहीच नव्हतं आणि तांबडी मुकाट उभी होती. "गाईंना आठ दिस लागले," मला म्हणाल्या. "आता मानसांना किती लागत्यात बघू."

माणसांचंही त्यांनी तसंच धरलं होतं. आधी गोठा, मग डेअरी, मग आठवडे बाजार. डेअरीवर एकानं विचारलं, "वहिनी, पोलिसात भरती का?" त्या म्हणाल्या, "व्हय, पहिल्यांदा तुलाच आत टाकते, दुधात पानी घालतोस म्हनून." तो विषय तिथं मिटला. बाजारात बायका बघायच्या, पण भाव करण्यात ताईंचा आवाज पूर्वीसारखाच, म्हणून चार बाजारांत तेही मावळलं. घरात सासूबाई कुरकुरायच्या. गंमत अशी की आमच्या आळीतल्या निम्म्या सुना दिवसभर गाऊनवर टॉवेल टाकून दळण आणायला जातात, त्याला कुणी काही म्हणत नाही. ताई एकदा सासूबाईंना म्हणाल्या, "आई, गाऊन झोपायचा असतो. त्यो घालून ह्या गावभर हिंडत्यात ते चालतं, आन् मी अंगभर कापडं घातली ती चालंना?" सासूबाई म्हणाल्या, "मी मेल्यावर घाल काय घालायचं ते." ताई म्हणाल्या, "तवर मी जित्ती पाह्यजे ना, आई." आम्ही तिघीही हसलो. सासूबाईसुद्धा.

अडलं ते पाहुण्यांशी. दादांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्या घरची थोरली सून म्हणजे ताई. तिनं मांडवात पुढं असायचं, नवरीची ओटी भरायची, व्याहिणींच्या पंगतीला उभं राहायचं. आदल्या आठवड्यात दादांनी जेवताना ताटाकडे बघत मला सांगितलं, "तुझ्या जावंला सांग. साडी नेसायची असंल तर यायचं." ताई तिथंच भाकरी वाढत होत्या. म्हणाल्या, "मंगल, सांग त्यांना. न्हाई येत मी." आवाज चढवला नाही, भाकरी वाढायची थांबवली नाही. थोरली सून मांडवात नाही म्हटल्यावर दादांना कुणाकुणाला उत्तरं द्यावी लागणार होती, भावाभावांत काय काय बोललं जाणार होतं, ते मला दिसत होतं. दोन दिवस घरात भांड्यांचा सोडून दुसरा आवाज नव्हता.

मी वीस-बावीस वर्षं रजेचे अर्ज बघते आहे. एखाद्या शिक्षकानं अर्जात 'वैयक्तिक कारण' लिहिलं की मुख्याध्यापक चष्मा वर करून विचारतात, काय वैयक्तिक? 'भावाकडे राहायला जायचं आहे' लिहिलं की म्हणतात, सुट्टीत जा. तेच 'वैद्यकीय कारणास्तव' लिहिलं की खाली सही. प्रश्न नाही, टोमणा नाही. म्हणून मी नव्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात शिकवते, खरं कारण तुमच्यापाशी ठेवा, अर्जात वैद्यकीय लिहा. माझ्या हातून असे किती अर्ज गेले असतील. मी घरातही तेच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना सासूबाईंना आणि दादांना म्हटलं, "ताईंनी तुम्हाला सांगितलं नाही, पण त्यांच्या मणक्यात गॅप आहे. मीच नेलं होतं दाखवायला. डॉक्टरांनी साडी बंद सांगितलीय. कमरेच्या गाठीनं नसेवर दाब येतो म्हणे."

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन दिवसांचं ओझं उतरल्यासारखे ते पाट सरकवून नीट बसले. "मग आधी सांगायचं न्हाई का?" सासूबाई म्हणाल्या, "बया, गॅप! आन् गवताचं भारं उचलती वरनं." लग्नाचा प्रश्न चहा निवायच्या आत सुटला. संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणला, म्हणजे पाहुण्यांना वेगळं सांगायला नको.

ताई गोठ्यातून आल्या तेव्हा पट्टा कॉटवर होता. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला. मला वाटलं होतं, हसतील.

"मंगल, मी काय आजारी हाय व्हय?"

"तसं सांगावं लागतं, ताई. रजेच्या अर्जात लिहितात तसं. लग्नापुरतं."

"मला आवडतं म्हनून घालते, हे सांगायला तोंड न्हाई का कुनाला?"

"ते सांगून कुणी ऐकलं का? हे ऐकलं ना?"

त्यांनी पट्टा परत कॉटवर ठेवला. लग्नाला गेल्या. गर्द निळा कुडता, वर पट्टा. मांडवात त्यांच्याभोवती बायका गोळा झाल्या. "कितव्या मणक्यात हाय?" "माझ्या जावंला हुतं, ती पार अंथरुनाला खिळली." "त्या तिकडं एक जन हाय, नुसता हात लावून मनका बसवतो." कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि त्यांना बसवलं. ओटी भरायला उठल्या तर दोघींनी दंडाला धरून उठवलं. ज्या बाईला कुणाचा आधार न घेता उठायचं होतं, तिला माझ्यामुळे पहिल्यांदा दंड धरून उठवलं गेलं. येताना जीपमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "तुझ्या अर्जानं मला खुर्चीत बसवलं बघ."

लग्नापुरतं म्हणून सांगितलेलं लग्नानंतर संपलं नाही. दादा मनानं चांगले. त्यांनी बायकोच्या पाठीची काळजी घ्यायची ठरवली आणि धारेला एक गडी लावला. ताईंनी खूप सांगितलं, मला काही झालेलं नाही. आजारी माणूस असं म्हणतंच, असं सगळ्यांनी धरलं. गडी आला की त्या दारात उभ्या राहायच्या आणि तो गेला की चोरून गोठ्यात जाऊन गायींच्या पाठी चोळायच्या. संक्रांतीला त्यांना आईची साडी नेसावीशी वाटली म्हणून नेसल्या, तर दादा लगेच म्हणाले, "आता बरं वाटतंय का?" सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी कुडता घातला तर दोघांचे चेहरे पडले. त्या रात्री भांडी घासताना ताई मला म्हणाल्या, "आता साडी नेसली की मी बरी, डरेस घातला की आजारी. मला काय घालावं वाटतंय, हे कुनी इचारीतच न्हाई. आधी निदान भांडत तरी हुते माझ्याशी..."

त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं. "तू बोललीस, तूच मोड." मी होय म्हटलं. मग म्हटलं, उन्हाळ्यातली लग्नसराई होऊ द्या. मग म्हटलं, दिवाळी होऊ द्या, पाहुणे येतात. मग प्रियांकाला एक स्थळ आलं, म्हटलं ते मार्गी लागू द्या, उगाच घर खोटारडं ठरायला नको. शाळेत याला 'प्रलंबित' म्हणतात. फाईल नाकारलेली नसते, फक्त खालच्या कप्प्यात असते. ताईंनी चारदा विचारलं. पाचव्यांदा विचारलं नाही.

आता तो पहिला फोन.

एसटीत गर्दी होती. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी भांडत होता. फोनवर सासूबाई होत्या. "मंगल, शालनची पाठ लई दुखतीया पहाटंपासनं. वरच्या बाजूला. डाव्या खांद्यात कळ जातीया म्हनती, घाम आलाय. तिच्या मनक्याच्या गोळ्या कुठं ठिवल्यात गं? फाईल तुझ्याकडंच हाय ना?"

गोळ्या नव्हत्याच. फाईलही नव्हती. मला दोन शब्द बोलायचे होते, 'गॅप नाही.' ते बोलायला किती वेळ लागतो? पण ते बोललं की दोन वर्षं काय बोलले ते सगळं सांगावं लागणार, तेही एसटीतून, ओरडून, दहा माणसांत. मी मनात म्हटलं, गवत उपटलं असेल, अवघडली असेल पाठ. संध्याकाळी घरी जाऊन बघू. मी म्हटलं, "गोळ्या संपल्यात, आई. फळीवर बाम आहे, तो लावा आणि शेकून काढा. मी येतेच संध्याकाळी." सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं." मी फोन ठेवला आणि तिकिटाचे उरलेले पैसे मागून घेतले.

त्यांनी बाम लावला. विटा तापवून शेकलं. अकराच्या सुमाराला ताई मोरीत पडल्या. दौंडला नेईपर्यंत संपलं होतं. हृदयाचा झटका. मी पोचले तेव्हा डॉक्टर दादांना विचारत होते, पहाटेपासून दुखत होतं तर आणलं का नाही? दादा म्हणाले, "मनक्याचा जुना तरास हाय, सायेब. त्याचंच वाटलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "जुनी फाईल?" मी म्हटलं, "घरी राहिली." तिथंही मी हेच म्हटलं. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी पाथर्डीहून भाऊ माहेरची साडी घेऊन आले. हिरवी, काठाची. सवाष्ण गेली की तिला माहेरच्या साडीत न्यायचं, ही आमच्याकडची रीत. मीच नेसवली, सगळ्यांत सवयीचे हात माझेच होते. निऱ्या नीट बसल्या. मागं कुणीतरी म्हणालं, "शेवटी साडी नेसली बाई शालननं." मी वळून बघितलं नाही.

महिन्याच्या तिथीला सवाष्ण जेवू घातली, तिलाही साडी दिली. येणारी जाणारी प्रत्येक बाई म्हणायची, "काय तरी दुखनं! बिचारीला साडीसुदीक नेसता आली न्हाई." सासूबाई मान हलवायच्या. तीस वर्षं या घरात राबलेली बाई, तिनं निवडलेले रंग, तिनं सांगितलेली कॉलर, गायींना आठ दिवसांत लावलेली सवय, सगळं एका दुखण्याच्या नावावर जमा होत होतं. आणि ते दुखणं मी एका सकाळी चहा ओतताना तयार केलं होतं.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, ताईंच्या मणक्यात गॅप नव्हती. मी खोटं बोलले होते." त्या सोलत राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आगं, गॅपवाली बाई अशी गोठ्यात चोरून वाकती व्हय? म्या बघितलंय ना. पन तुझ्या बोलन्यानं घर गप झालं हुतं, म्हनून म्याबी गप." मग लसणाची पाकळी हातात तशीच धरून म्हणाल्या, "त्या दिशी म्हनून तर तुला फोन केला. म्हनलं, मंगलला गोळ्या इचारू. गोळ्याच न्हाईत म्हनली, तर मग हे पाठीचं न्हाई, दुसरंच कायतरी हाय... तर तू म्हनलीस, संपल्यात. म्हनलं, संपल्यात म्हंजी हुत्या. म्हंजी आपलंच चुकलं, पोरीला खरंच गॅप हाय. मग बाम लावला."

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

हा लेख पाठवायच्या आधी दादांना सांगितलं. ते रविवारची पुरवणी वाचतात. त्यांना ते छापलेलं वाचून कळायला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला जे बोलायचं ते माझ्या तोंडाकडे बघून बोलले. "ती मला म्हनायची, मला कायबी झालेलं न्हाई. म्या म्हनायचो, तू गप बस, तुला काय कळतंय..." आणि उठून गोठ्यात गेले. गड्याला त्यांनी महिनाभरापूर्वीच काढलं होतं. धार आता ते स्वतः काढतात.

मी हे सगळं लिहिते आहे ते मन हलकं करायला नाही, तसं ते होतही नाही. ज्या बायकांनी शालनताईंची कीव केली त्यांच्यापर्यंत एवढंच पोचावं की त्या आजारी नव्हत्या. राखाडी, मातकट, गर्द निळा, कॉलर शर्टाची, बाही कोपरापर्यंत. त्यांना ते आवडत होतं. दुसरं कारण नव्हतं.

दुसऱ्या महिन्याची तिथी जवळ आली तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ह्या येळंला सवाष्णीला साडी नको. डरेसचं कापड आन. शालनला चाललं असतं असलं." मी श्रीगोंद्याला जाऊन कापड आणलं, शेवाळी रंगाचं, बिनाफुलांचं, सुती. माप नंतर देते असं ताईंच्या शिंप्याला सांगितलं आणि सवाष्ण शोधायला निघाले. सवाष्णीला दिलेलं वस्त्र तिनं अंगावर घालायचं असतं, तरच ते पोचतं म्हणतात. पहिली म्हणाली, आमच्यात चालत नाही. दुसरी म्हणाली, साडीच द्या की, पोचायचं ते पोचतंय. तिसरी संगीता, आमच्याच वाटेवर राहते, डेअरीला दूध घालते, चाळिशीची. तिनं पिशवीतून कापड काढलं, गालाला लावून बघितलं.

"झ्याक हाय वो, बाई. मऊ हाय. घालीन मी. पन घरी काय सांगू?"

"काय सांगायचंय?"

"नवरा इचारंल, सासू इचारंल, हे कशापायी? तुम्हीच कायतरी सुचवा की. तुमचं डोकं चालतं असल्याला."

चालतंच. तिनं विचारताक्षणी माझ्या जिभेवर तीन कारणं हजर होती. ती तिन्ही मी गिळली. शेवटी म्हटलं, "सांग, मला आवडलं."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

ती हसली. "असं कुनी सांगतं व्हय, बाई? हसत्याल की." कापडाची घडी परत जशीच्या तशी घालून तिनं पिशवी माझ्या हातात दिली. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, "इचार करते. आन् त्यांनी म्हनलं, का आवडलं, तर?"

मी पिशवी घेऊन वाटेला लागले. शालनताईंना याचं उत्तर देता आलं असतं... त्यांनी कदाचित उलट विचारलं असतं, तुला भाकरी का आवडते?

तिथी आठ दिवसांवर आली आहे. कापड माझ्या टेबलावर आहे, दुकानाच्या पिशवीत. आहेराच्या पिशवीवर लिहितात तसं त्याच्यावर मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. शिंप्यानं दोनदा निरोप पाठवला, माप कधी देताय? मी त्याला थांबायला सांगितलंय. संगीता अजून आलेली नाही.